वेणीतलं पाणी

केस तीन सेंटीमीटरचा होता, मुळाकडचा. काचपट्टीवर तो किंचित वाकला. शेडच्या मालकीण वृंदाताईंनी तो चिमट्याने सरळ केला. यंत्राने तो जाळला, जरा वेळ घुमलं, आणि पडद्यावर लाल अक्षरं उमटली : 'उगम जुळत नाही. कामावर ठेवू नये.'

"म्हणजे मी कुठली?" कोळंबी सोलून ओले झालेले हात पुसत मयूरी तांडेलने विचारलं.

"समुद्रातली," हिशेबनीस सामंत म्हणाले.

"आमचा आजापण हेच सांगायचा. त्याला नाही कोणी कामावरून काढलं!"

शेडमधल्या बाया हसल्या. वृंदाताईंना हसू आलं नाही.

कामगार याच देशातला असल्याची खात्री मालकाने करायची, असा कायदा होता. कागद खोटे निघतात, म्हणून केस. पिण्याच्या पाण्यातला जड ऑक्सिजन केसात उतरतो, आणि मुलखागणिक त्याचं प्रमाण बदलतं. पण सरकारी नकाशा विहिरींच्या पाण्यावरून काढलेला. इथल्या विहिरी खाऱ्या झाल्यावर त्याच सरकारने समुद्राचं पाणी गोडं करायचा प्रकल्प उभारला. गेली सहा वर्षं अख्खं गाव समुद्रच पीत होतं. रसायनशास्त्र शिकलेल्या वृंदाताईंनी हे पुन्हा पुन्हा कळवलं. उत्तर एकच : तपासणीची मुदत संपत आहे. मालकिणीचा केस मात्र कोणी मागितला नव्हता.

त्यांची नजर मयूरीच्या वेणीवर गेली. केस महिन्याला साधारण सेंटीमीटरभर वाढतो. ही वेणी गुडघ्याला टेकत होती; टोकाशी अजून जुन्या विहिरीचं पाणी असणार.

"टोकाचा केस दे. मी वेगळा अहवाल जोडते. तू सुटशील."

मयूरीने वेणी पुढे घेतली, मुठीत धरली. मग सोडून दिली.

"मी सुटेन. आणि ही सुमन? औषधांनी तिचे केस गेले, आता कुठे बोटभर आलेत. तिचं टोक कुठून आणायचं, ताई? लांब वेणीवाल्या तेवढ्या इथल्या, बाकीच्या परक्या?"

सोलणारे हात थांबले होते.

सामंतांनी घसा खाकरला. "मॅडम, ही लाल निघाली म्हणजे सगळ्याच निघणार. आज नावं कमी केली नाहीत तर परवाना जाईल. नोंद करू ना?"

कित्येक आठवडे वृंदाताई या तपासणीलाच 'उद्या बघू' म्हणत आल्या होत्या. त्यांनी यंत्राची वायर भिंतीतून उपसली.

"करा नोंद. या शेडमध्ये मी यापुढे कोणाचाही केस तपासणार नाही, आणि एकीलाही काढणार नाही. खाली माझी सही घ्या."