गादीची गार बाजू

हिल्त्येबाई इतकी थकली होती की बसल्या जागी तिचा डोळा लागायचा. सहा गाई, चूल, आजारी पोर, आणि वर ते गादीचं झंझट. जर्मनांचे झडतीवाले आले की आधी पांघरुणात हात घालत. गादी गरम लागली की घरात कुणीतरी दडलंय हे ठरलंच, मग फरशा उखडायच्या. म्हणून ज्यूंची मुलं लपवणाऱ्या, हॉलंडच्या फ्रिजलंड प्रांतातल्या घरांनी एक सवय लावून घेतली होती. इशारा झाला की गादी पालथी घालायची, गार बाजू वर.

नोव्हेंबरात तिच्याकडे दोन मुलं होती. आता आठ वर्षांची फ्लोरा एकटीच उरली होती. तिच्याबरोबरचा सॅलो घटसर्पाने गेला. ना डॉक्टर बोलावता आला, ना उघडपणे दफन करता आलं. हिल्त्येच्या नवऱ्याने, डौवेने, त्याला गोठ्यामागे पुरलं. फ्लोराला सांगितलं, तो दुसऱ्या शेतावर गेला. या खोट्याने हिल्त्येच्या जिवाला चैन नव्हती.

त्या दुपारी फ्लोरा भिंतीतल्या कपाटासारख्या पलंगावर तापाने फणफणली होती.

"तूही जरा पड," डौवे म्हणाला. "उभ्या उभ्या घोरतेस. गाईसुद्धा हसतात."

"गाईंना म्हणावं, स्वतःचं दूध स्वतः काढा."

एवढ्यात शेजाऱ्याचं कुत्रं तीनदा भुंकलं. हाच इशारा. डौवेने पोरीला उचलून दुधाच्या खोलीतल्या फरशीखाली नेलं. हिल्त्येने गादी उलटली, चादर ओढली. मग, देव जाणे कसं, आपण उलटलीय हेच ती विसरली आणि तिने ती पुन्हा उलटली. पोरीच्या घामाचा डाग वर आला तेव्हा तिच्या ध्यानात आलं; तिने घाईने त्यावर पांघरूण ओढलं.

दार उघडून पोलीस आत आला होता. आपल्याच मुलखातला, पोरसवदा. त्याने हातमोजा काढला आणि हात पांघरुणात घातला.

हिल्त्ये उभी राहिली. संपलं एकदाचं, असं तिला वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

पोलिसाने हात बराच वेळ काढला नाही. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

"बाई... इथे कोण निजतं?"

"कुणी नाही."

"किती गार आहे... आणि ओलं..."

त्याने हात ओढून काढला. नखांत काळी माती होती. तो हात कोटाला पुसत राहिला, पुसत पुसतच बाहेर गेला. फरशांकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

हिल्त्येने पांघरुणात हात घातला. गादी तापाने गरम होती, चांगली गरम.

डौवेने फ्लोराला वर आणलं. पोरगी शांत होती.

"मावशी, सॅलो आला होता," ती म्हणाली.

हिल्त्येने तिला जवळ ओढलं.

"काय म्हणाला गं?"

"म्हणाला, आज मी तुझ्या जागेवर निजलो. आता तू माझ्या जागेवर ये... गोठ्यामागे."

हिल्त्येने घाईने तिच्या कपाळाला हात लावला. ताप उतरला होता. तो अजूनही उतरतच होता, कपाळ हाताखाली गार पडत चाललं होतं.