टेकाडावरची बनीम

"भावजी, दार उघडा! माझ्याशी बोलायचं न्हाई तर नका बोलू, पण ऐका तरी!"

कितीतरी वर्षांनी गुरम्मा आज धाकट्या दिराच्या उंबऱ्याशी उभी होती... एकच अंगण, मधे पत्र्याचा आडोसा. इकडच्या फोडणीचा वास तिकडं जायचा, पण माणूस म्हणून जायचं नाही! आणि ह्या अबोल्याचा दोष कुणाच्या माथी? गुरम्माच्या! विधवा बाईच्या नावानं बोटं मोडायला गावाला काय, निमित्तच लागतं.

दार जावेनं, सुकन्यानं उघडलं. आत शिवप्रसाद खाटेवर बसलेला. त्यानं मानही वळवली नाही.

"विचार त्यांना, काय काम काढलं म्हणावं," तो बायकोला म्हणाला.

"रुद्रेशचा फोन आला व्हता," गुरम्मा म्हणाली.

रुद्रेश हा शिवप्रसादचाच लेक. ट्रक घेऊन समुद्रकाठच्या काकीनाड्याला गेलेला. पण वाढला तो थोरल्या अव्वाच्या, गुरम्माच्याच मांडीवर. तिला मूलबाळ नव्हतं, आणि त्याला भूक लागली की तिचाच पदर सापडायचा. म्हणून त्यानं बापाला नाही, तिला फोन केला होता.

"समुद्रातलं वादळ एका दिसात दुप्पट झालंय म्हणून राहिला. किनाऱ्यावरची माणसं खिडक्यांना फळ्या ठोकून, लेकरं-शेरडं घेऊन निघाली. तिथून ते तेलंगणातून सरळ आपल्याकडं वळणार हाय. धरण आधीच भरलंय. भावजी, तुमची बनीम मांजरा नदीच्या काठाला हाय... ती हलवा!"

कापून रचलेल्या सोयाबीनची ती बनीम म्हणजे शिवप्रसादचं वर्षभराचं पीक. राशीचं, म्हणजे मळणीचं यंत्र मिळालं नव्हतं, म्हणून तशीच पडून होती.

"वादळ समुद्रात, आन् ह्या इथं बोंबलून राहिल्या!" शिवप्रसाद हसला. "विचार, हलवू कुठं? डोक्यावर?"

"टेकाडावर."

तो ताडकन उठला. आता मात्र तो सरळ तिच्याशीच बोलला.

"त्या टेकाडाचं नाव काढू नका! अण्णाला तिथं बसवून जागा गिळली तुम्ही. शपथ हाय माझी, जिवंतपणी त्या टेकाडाला पाय लावणार न्हाई!"

नदीकाठच्या त्यांच्या शेतात ते एकच उंच टेकाड. वाटणीत ते शिवप्रसादकडं जाणार होतं आणि मुरूम उपसायला एका गुत्तेदाराला देण्याचा त्याचा बेत पक्का झाला होता. तेवढ्यात थोरला भाऊ सिद्धराम, गुरम्माचा नवरा, गेला. आणि त्यांच्या समाजाच्या रिवाजाप्रमाणे त्याला बसवून माती द्यायची वेळ आली, तेव्हा एरवी चार माणसांत तोंड न उघडणारी गुरम्मा हट्टाला पेटली... टेकाडावरच! समाधी झाली की तिथं कुदळ चालत नाही. गुत्तेदार निघून गेला. गाव म्हणालं, बाईनं नवऱ्याचं मढं पुढं करून जमीन मारली. तिनं ऐकून घेतलं. आजही ऐकून घेतलं, गळ्यातल्या लिंगाला हात लावला आणि ती मागं फिरली... पण घरी नाही गेली हो, ती थेट चांगुणाच्या दारात गेली!

चांगुणा सोयाबीन काढणीचं गुत्तं, म्हणजे ठेका, घ्यायची. तिच्या हाताखाली बायकांची टोळी होती.

"अक्का, दीर तुझं तोंड बघत न्हाई, आन् तू त्याची बनीम वाचवून राहिली?" चांगुणानं कपाळावर हात मारला. "लई शाणी हायस!"

"तो माझं तोंड बघत न्हाई, मी तर त्याचं बघते की! येतीस का न्हाई ते सांग."

"येते बाई! तुझ्यापुढं कुणाचं चाललंय!"

दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्वेकडून वारा सुटला. आभाळ खाली उतरलं होतं आणि मांजरेचं पाणी गढूळ होऊन काठाला धक्के देत होतं. टेकाडावर गुरम्माची स्वतःची बनीम आधीपासूनच होती. तिनं पहिलं काम काय केलं? स्वतःचीच बनीम मोडायला घेतली!

"अगं, हे काय करतीस?" चांगुणा ओरडली.

"वर जागा एकीचीच हाय, आन् ताडपत्रीबी एकच. दोन बनिमी मावत न्हाईत. एकच लावायची!"

"आन् बूड? जमिनीवर ठेवलं तर खालून भिजंल."

सगळ्या बायकांनी वर माथ्याकडं पाहिलं. टेकाडाच्या माथ्यावर कोरडी, उंच अशी एकच जागा होती: सिद्धरामच्या समाधीचा दगडी ओटा. दर सोमवारी जिथं ती विभूती लावायची, बेल वाहायची, जिथं मांजर बसलं तरी तिला खपत नसे, तो ओटा! गुरम्मानं ओट्यावरचा बेल अलगद उचलून पदरात बांधला.

"रचा ओट्यावर," ती म्हणाली. "आधी भावजीचं. माझं बाहेरून लावा."

खालून भारे येऊ लागले. थोड्या वेळानं त्या रांगेत आणखी एक बाई डोक्यावर भारा घेऊन चढताना दिसली. सुकन्या होती! "मला इचारलं न्हाई कुणी, म्हणून मीच आले, अक्का," ती म्हणाली आणि डोळे पुसत पुन्हा खाली पळाली.

दुपारी शिवप्रसाद तणतणत आला. काठावर आपली बनीम अर्धी झालेली पाहून त्याच्या तोंडाला शिवी आली आणि तिथंच अडकली. जिथं काल बनिमीचं बूड होतं, तिथं पाणी शिरलं होतं. त्यानं वर पाहिलं. त्याचं पीक भावाच्या समाधीवर चढत होतं, आणि वहिनी गुडघे टेकून एकेक भारा लावत होती... जणू पूजाच मांडून राहिली!

तो टेकाडाच्या पायथ्याशी आला आणि थांबला. आठवलं त्याला... ह्याच जागी गुत्तेदारानं चुन्यानं खूण केली होती. मुरूम निघाला असता तर आज इथं टेकाड नसतं, तळं असतं! ते खणू नको म्हणून अण्णा तेव्हा किती सांगायचा!

"वहिनी..." त्यानं खालूनच हाक मारली. "टेकाडावरच बसवा, असं अण्णाच म्हणाला व्हता... न्हवं?"

गुरम्मानं हातातला भारा खाली ठेवला.

"हाव. जाताना म्हणाले, प्रसाद आता सांगून ऐकायचा न्हाई. मला तिथंच बसव, माझ्यावर तो कुदळ मारणार न्हाई. पूर आला तर लेकरं कुठं चढतील म्हणाले..."

"मग बोलल्या का न्हाई? इतकी वर्सं गावाचं ऐकून घेतलं!"

"बोलले असते तर गावात तुमचं तोंड राहिलं असतं का, भावजी? थोरल्याला मरून टेकाड राखावं लागलं, असं म्हणाले असते लोक. त्यांनीच न बोलायची शपथ घातली व्हती. माझं काय... मी बाहेरून आलेली. माझ्यावर माती पडली तरी चालतं."

"न्हाई चालत!" शिवप्रसाद लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला. "वहिनी, कुठल्या तोंडानं वर येऊ?"

"पायानं या," गुरम्मा भरल्या डोळ्यांनी हसली. "चपला काढून या. आन् येताना भारा घेऊन या, मोकळे येऊ नका! पाऊस आला बघा."

तो चपला काढून, शपथ मोडून, भारा घेऊन वर आला. दोघांनी मिळून ताडपत्री ओढली, दोर टेकाडावरच्या लिंबाच्या बुंध्याला आवळले. शेवटची गाठ त्यानं मारली आणि ताडपत्रीवर डोकं टेकलं. तेवढ्यात पहिली सर कोसळली.

पाऊस थांबला तेव्हा मांजरा शेतभर पसरली होती. बांध, वाटा, नदीकाठ... काही उरलं नव्हतं. मधे एकटं टेकाड तेवढं उभं होतं, आणि त्यावर ती बनीम.

पाणी ओसरून वाफसा झाला तशी राशीचं यंत्र आलं. रुद्रेशही आला होता. थोरल्या अव्वाला त्यानं तिच्या घरी नाही, आपल्याच घरी जेवायला वाढलं, कारण अंगणातला पत्रा त्याच्या बापानं सकाळीच उपटून टाकला होता.

रास झाली तसं यंत्रवाल्यानं भरलेल्या पोत्यांकडं बघून डोकं खाजवलं. "मालक, हे तर सगळं एकात एक झालंय. ह्यातली पोती तुमची किती, वहिनींची किती? नाव कुणाचं टाकू?"

शिवप्रसादनं ओट्यावरचा पाचोळा पदराच्या टोकानं झाडणाऱ्या गुरम्माकडं पाहिलं. पदरात बांधून ठेवलेला बेल ती पुन्हा समाधीवर ठेवत होती.

"सिद्धरामअण्णाचं टाक," तो म्हणाला. "घर एकच हाय आमचं."