चौथा कोपरा

पेटीचे तीन कोपरे शहाण्यासारखे वागले. सीडरच्या एकाच फळीला खाचा पाडायच्या, तापल्या दगडांवर ओलं समुद्रशेवाळ टाकून वाफ द्यायची आणि फळी वाकवत आणायची. लविना हे स्किडगेट गावात लग्नाआधीपासून करत आली होती. चौथा कोपरा मात्र लाकडी खुंट्या ठोकून मिटवावा लागतो. तो मिटेना.

संध्याकाळी ठोकलेल्या खुंट्या सकाळी जमिनीवर होत्या. मोडलेल्या नव्हत्या. ओळीने मांडलेल्या होत्या.

"हवा दमट आहे," लविना म्हणाली. या बेटांवर हवा दमट आहे म्हणणं म्हणजे समुद्र ओला आहे म्हणण्यासारखंच. तरी तिच्या नवऱ्याने, डेल्मरने, मान डोलावली. लग्नं टिकतात ती अशी.

दुसऱ्या दिवशी दफन होतं. म्युझियमने परत पाठवलेली पूर्वजाची हाडं शेजारच्या खोलीत होती, पुठ्ठ्याच्या खोक्यात, चिकटपट्टी लावून. इथली माणसं आईच्या वंशाने गरुड नाहीतर डोमकावळा, आणि लग्न नेहमी समोरच्या बाजूत. ज्या ओसाड गावातून ती उचलून नेली होती, ते गरुडांचं. म्हणून हाडं गरुडाची. आणि गरुडाची पेटी डोमकावळ्यांच्या बाजूने करायची. लविना डोमकावळ्यांची. "पुठ्ठ्यात कुणी मातीत जाणार नाही," असं तिने भर सभेत सांगून टाकलं होतं.

"एक टोक धरू का?" डेल्मरने विचारलं.

"तू गरुड. हात लावलास तर बोटं ठोकीन. आपल्याच माणसाची पेटी आपण करतो का?"

"मग मी बसून साल्मन मासा खातो."

"तेवढं येतं तुम्हा गरुडांना."

तिने जाड खुंट्या तासल्या, दात-ओठ खाऊन ठोकल्या आणि हात धुवायला गेली. परत आली तेव्हा खुंट्या ओळीत होत्या. तिने फळीला हात लावला. वाफ कधीच संपली होती. लाकूड मात्र ऊबदार होतं, माणसाच्या अंगाइतकं.

लविना खाली बसली. रडायला नव्हे, विचार करायला.

"डेल्मर, मी कुणाच्या घरात राहते?"

"माझ्या मामाच्या. गरुडांच्या."

"मी मेले तर माझी पेटी कोण करील?"

"आम्ही गरुड. पण घाई नाही गं."

"त्या गावात सुनाही होत्या रे," ती हळूच म्हणाली. "आमच्या बाजूच्या."

डेल्मरचा घास हातातच राहिला. तिने त्याच्यापुढे हातोडा धरला.

"ऊठ."

"मला साधा खिळा सरळ ठोकता येत नाही."

"ते खोक्यातल्या तिला दिसेलच. ठोक."

खुंट्या एकेका ठोक्यात बसल्या.

सकाळी कोपरा मिटलेलाच होता. वर झाकणही घट्ट बसलं होतं.

"तू बसवलंस?"

"मला वाटलं, तू."

लविना शेजारच्या खोलीत खोका आणायला गेली. चिकटपट्टी शाबूत होती. तिने खोका उचलला.

तो एका हातात आला, रिकाम्यासारखा.

तिने तो जागेवर ठेवला.

"झाकण उघडायचं नाही," ती दारातून म्हणाली. "अशीच न्यायची."

डेल्मरने पेटी उचलून पाहिली. मग खाली ठेवली. अगदी हळू, झोपलेल्या माणसाला जाग येऊ नये तशी.