शेवटच्या घावाचं गणित

कुऱ्हाडीचा सर्वांत मोठा घाव बारा, तलवारीचाही बाराच. मग दोन्ही शस्त्रं सारखीच की नाही?

'सारखीच,' असं चांद्रवस्तीतली सगळी मुलं छातीठोकपणे सांगत. शाल्मलीही त्यांतलीच. ती चंद्रावरच जन्मली होती आणि वस्तीच्या काचेच्या घुमटाबाहेर तिने कधी पाऊल ठेवलं नव्हतं. राक्षसाच्या खेळात जोड्या फाशांनी राक्षसावर घाव घालत, आणि ठरलेल्या घावांत त्याची शक्ती संपवणारी जोडी जिंके. यंदा या खेळाचा अंतिम सामना जिंकणारी जोडी चांद्रगाडीतून बाहेर फिरायला जाणार होती. त्यामुळे तिला जिंकायचंच होतं.

तिचे आजोबा संख्याशास्त्रज्ञ. सामन्याच्या आदल्या दिवशी त्यांनी पोह्यांचा रिकामा डबा काढला. चंद्रावर गुरुत्वाकर्षण कमी, टाकलेला फासा उसळत उसळत थेट पलंगाखाली जातो. म्हणून तिथे फासे डब्यात घालून, झाकण लावून खुळखुळवतात.

"कुऱ्हाड म्हणजे बारा बाजूंचा एक फासा," आजोबा म्हणाले. "एक ते बारा, प्रत्येक आकड्याला सारखीच संधी. तलवार म्हणजे सहा बाजूंच्या दोन फाशांची बेरीज. सांग, सात किती तऱ्हांनी येईल?"

शाल्मलीने बोटांवर मोजलं. "एक-सहा, दोन-पाच, तीन-चार. उलटसुलट धरून सहा."

"आणि बारा?"

"सहा-सहा. एकच तऱ्हा."

"एकूण तऱ्हा छत्तीस. म्हणून तलवारीची हानी (शत्रूची शक्ती जितकी घटते तो आकडा) बहुतेक वेळा सातच्या आसपास राहते. कुऱ्हाड मात्र लहरी. हे सांगणारं गणित म्हणजे संभाव्यता (एखादी गोष्ट घडण्याची शक्यता किती, त्याचं माप)."

"मग तलवारच घ्यायची."

"उतावळेपणा नको. राक्षसात किती जीव उरलाय, ते आधी बघायचं."

अंतिम सामन्यात तलवारीने राक्षसाला बेजार केलं. शेवटचा एकच घाव उरला, आणि राक्षसाची शक्ती अकरा. शाल्मलीने कुऱ्हाड मागितली.

"अगं, तलवारीनेच इथवर आणलंय आपल्याला," तिचा जोडीदार नचिकेत कळवळून म्हणाला.

पंच असलेल्या यंत्रमानवाने डबा खुळखुळवला, झाकण उघडलं. चार. सामना हातचा गेला.

"तुझ्या कुऱ्हाडीमुळे हरलो," नचिकेत चिडला.

शाल्मलीने मान ताठ ठेवली. "अकरा किंवा बारा हवे होते. तलवारीत त्याच्या तऱ्हा तीनच. पाच-सहा, सहा-पाच, सहा-सहा. छत्तिसात तीन, म्हणजे बारात एक. कुऱ्हाडीत बारात दोन. दुप्पट संधी. फासा कसा पडेल ते माझ्या हातात नव्हतं, निवड होती. पुन्हा अशी वेळ आली तर मी कुऱ्हाडच घेईन."

नचिकेतने पुटपुटत हिशेब केला. "बरोबर आहे तुझं," तो म्हणाला. "पुढच्या वर्षीही आपलीच जोडी."

मागे उभ्या आजोबांना नातीचा इतका अभिमान वाटला, की चष्मा पुसायचं निमित्त करावं लागलं. "जिंकलेली पोरं पुष्कळ पाहिलीत," ते म्हणाले. "हरूनही आपला हिशेब न सोडणारी आजच पाहिली." आणि पोह्यांचा डबा त्यांनी तिच्या हाती दिला. "छोट्यांना आता तू शिकव."

काचेपलीकडे विजेत्यांची चांद्रगाडी निघाली. शाल्मलीला वाईट वाटलं, खूप वाटलं. पण छोटी मुलं डब्याभोवती जमलीच होती. ती खाली बसली. "कुऱ्हाडीचा सर्वांत मोठा घाव बारा, तलवारीचाही बाराच," तिने सुरुवात केली.

गाडी कधी दिसेनाशी झाली, ते तिला कळलंही नाही.