पांढऱ्या पिसाचा नवाब

“मरायला यांना आमचाच ओटा सापडला का गं बाई!” उषाकाकू खराट्याशीच पुटपुटत होत्या. खराट्यापुढे मेलेल्या चिमण्या होत्या.

दिवाळीच्या सुट्टीत टेंभुर्णीहून आलेली तृप्ती दाराशी थबकली. जुन्या जालन्यातल्या तिच्या काकांच्या धान्याच्या दुकानापुढे पाखरांसाठी रोज दाणे पडायचे. यंदा दाण्यांशेजारी पाखरंही पडू लागली होती.

“त्या आपल्या न्हाईत,” काकासाहेब गादीवरून म्हणाले. “आपल्या चिमण्याची चोच काळीकुट्ट. यांची बघ, पिवळट! थंडीला लांबून आल्यात, दमून मरून राह्यल्या.”

परक्या म्हटलं की खराटाही जरा हलका चालतो.

तृप्तीला मात्र राहवेना. तिनं समोरच्या अफ्रीनला आणि तिच्या धाकट्या भावाला, परवेजला, हाक मारली. त्यांच्या मीटरच्या पेटीमागे उन्हाळ्यात एका जोडीनं घरटं केलं होतं. नराच्या डाव्या पंखात एक पांढरं पीस, म्हणून तो नवाब!

“नवाब परवापासून दिसून न्हाई राह्यला,” अफ्रीन म्हणाली.

तिघं दुकानामागच्या केराच्या टोपलीवर वाकली.

“डोक्यावर राखी टोपी, गाल पांढरे. सगळं आपल्या चिमण्यासारखंच की!” तृप्ती म्हणाली. “फक्त चोच...”

परवेजनं काडीनं एक पंख उलगडला. पांढरं पीस!

“आपा, ये तो नवाब है!”

अफ्रीननं घाईघाईनं मोबाइलमधला उन्हाळ्यातला फोटो उघडला. तेच पीस. पण चोच काळी, गळ्याखालचा काळा डागही केवढा मोठा!

“म्हणजे पिल्लं उडाली की रंग उतरतो!” ती ओरडली. “अब्बांच्या दाढीच्या मेंदीसारखा!”

हसू आलं आणि लगेच गेलं. परवेजनं हळूच विचारलं, “मंग हा मेला कशानं?”

नवाबच्या चोचीत ज्वारीचा दाणा अडकला होता. त्याच्या टोकाला गुलाबी रंग. टोपलीशेजारच्या मोरीतलं पाणीही गुलाबी! शेजारी बियाण्याची रिकामी पिशवी पडली होती, ‘विषारी औषध लावलेले, खाण्यासाठी नाही.’ आणि पाटीत उद्या पाखरांना टाकायला धुतलेली ज्वारी निथळत होती.

तिघांनी पाटी उचलून थेट गादीसमोर ठेवली. त्यावर फोटो, आणि शेजारी नवाब.

“काका, हा परका न्हाई. समोरच्याच घरचा!”

काकासाहेबांनी फोटो पाहिला, पीस पाहिलं. “शाबास! काय बारीक नजर पोरांची! परवेज, घे, चिवडा घे.”

कुणी हात पुढे केला नाही.

“आन् ही ज्वारी?” तृप्तीनं विचारलं.

“शेतात पेरून उरली, पोरी. दाणा उकिरड्यावर टाकवत न्हाई. रंग जाईस्तोवर धुतली की मी, बराबर... यंदा हवाच खराब...”

गिऱ्हाइकं तराजूकडे बघू लागली. उषाकाकूंनी खराटा भिंतीला टेकवला.

“हवा न्हाई,” त्या म्हणाल्या. “पुण्य म्हणून आपण रोज विष टाकलं. आपणच मारल्या त्या.”