एनिडचं निर्दोष घर

शनिवारी दुपारी ठीक बाराला भोंगा वाजला आणि नोएमी कॅस्टेलानो दचकली.

शॉनी गावातल्या त्या रिकाम्या घराच्या गॅरेजमध्ये ती एकटीच उभी होती. घर दाखवणाऱ्या पॅट्सीबाई फोनवर बोलत अंगणात गेल्या होत्या. ओक्लाहोमात चक्रीवादळं येतात, भोंगा वाजला की जमिनीखाली शिरायचं, असं कॅलिफोर्नियातून निघताना दहा जणांनी तिला बजावलं होतं. गॅरेजच्या फरशीत वादळात लपायचं तळघर होतं आणि त्याचं लोखंडी झाकण उघडंच होतं. मागचापुढचा विचार न करता ती पायऱ्या उतरली.

आत बाकावर एक टोपीवाला माणूस मांडीवर टॉर्च ठेवून काहीतरी लिहीत बसला होता.

"सरका ना जरा," ती धापा टाकत म्हणाली.

तो सरकला. गुडघ्याला गुडघा लागेल एवढीच ती जागा.

"वादळ कुठवर आलंय?"

"कुठलं वादळ?"

"भोंगा वाजतोय ना..."

"तो दर शनिवारी बाराला वाजतो. चालतोय की नाही ते बघायला." त्याने हसू दाबलं, पण डोळ्यांतलं दाबता आलं नाही. "आम्ही त्यावर घड्याळ लावतो."

"मग तुम्ही इथे का लपलात?"

"लपलो नाही. काम करतोय — तुमचंच."

तो वेंडेल हार्जो, याच गावचा. विकाऊ घरं तपासून त्यांची दुखणीखुपणी लिहून देणारा. पॅट्सीबाईंनीच त्याला बोलावलं होतं. नोएमी कानापर्यंत लाल झाली, आणि अंधार आहे म्हणून तिने देवाचे आभार मानले.

तिची गोष्ट साधी होती. टीव्हीवरच्या कार्यक्रमांखाली उमटणाऱ्या ओळी ती घरी बसून लिहायची. ते काम कुठूनही करता येत होतं आणि तीच तर पंचाईत होती. सॅक्रामेंटोतली भाड्याची खोली महिनाअखेरीस सोडायची होती आणि तिथे दुसरी परवडत नव्हती. म्हणून तिने आधी सगळ्यात स्वस्त राज्य शोधलं, मग त्यातली तीन स्वस्त गावं: शॉनी, एडा आणि एनिड. कागदावर तिन्ही सारखीच दिसत होती. कुठल्याच गावात तिची वाट बघणारं कोणी नव्हतं, आणि ते कुठल्याच यादीत लिहिलेलं नव्हतं. या वेळी चुकीचं गाव निवडलं, तर पुन्हा सामान उचलायचं बळ आपल्यात उरणार नाही, हे मात्र तिला पक्कं माहीत होतं.

"मग, घेऊ का हे घर?" बाहेर आल्यावर तिने विचारलं.

"घराच्या पायाला भेग आहे. इथली लाल माती पावसात फुगते, उन्हात आकसते. दुरुस्त होण्यासारखी आहे, पण वेळ लागेल."

"म्हणजे घेऊ की नको?"

"ते मी सांगायचं नाही. काय दिसलं तेवढंच सांगायचं, हा आमच्या कामाचा नियम."

पुढच्या आठवड्यात एडाचं घर बघून झालं. तिथल्या छपराला गारांनी झोडपलं होतं. वेंडेल छपरावरून उतरला, तेव्हा वाऱ्याने नोएमीचे केस तिच्याच तोंडात जात होते.

"इथे वारा थांबतो कधी?" तिने विचारलं.

"थांबतो की. तेव्हा आम्ही घाबरतो."

परतताना त्याने तिला रस्त्याकडेच्या टपरीवजा हॉटेलात नेलं. तळलेली भेंडी आली. एका टोपलीत दोघांची बोटं एकदा भेटली, दुसऱ्यांदा भेटली, आणि तिसऱ्यांदा... तिसऱ्यांदा भेंडी संपलेली होती आणि तरी दोघांचे हात टोपलीतच होते.

"तुम्ही सगळ्या गिऱ्हाइकांना भेंडी खाऊ घालता?"

"छपराला भोकं निघाली तरच."

हे चेष्टेतलं की मनातलं, नोएमीला उमगेना. इथले लोक अनोळखी गाडीलाही हात करतात, दुकानात उभ्या उभ्या गुडघेदुखीपर्यंतची चौकशी करतात. मग या माणसाने आपल्यासाठी दार धरून ठेवलं, ते दार धरणं होतं की आणखी काही? आपण नव्याने आलेल्या, उगाच हुरळायला नको, असं तिने स्वतःला खडसावलं. मग रात्री मुक्कामाच्या खोलीवर स्वयंपाक करताना तिने भेंडीच तळली आणि करपवली.

तिसरं घर एनिडचं. शॉनीहून गाडीने दोन तास. वेंडेल त्या घरात सकाळपासून तीन तास फिरला. माळ्यावर चढला, फरशीखाली रांगत गेला. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा पडलेला होता.

"काय निघालं?" तिने विचारलं.

"काही नाही."

"काहीच नाही?"

"दोनदा बघितलं. घर चांगलं आहे." कागद तिच्या हातात देऊन तो गाडीत जाऊन बसला. भेंडीचं नाव नाही.

नोएमी कागदाकडे बघत राहिली. निर्दोष घर, तेही परवडणारं. आनंद व्हायला हवा होता, मग रडू का येत होतं? त्याला वाटलं असतं, तर एखादी भेग... निदान एखादा गळका नळ... त्याने लिहिला नसता का? पण खोटी भेग लिहिणारा माणूस आपल्याला आवडला असता का? या प्रश्नापाशी ती पुरती अडकली. आपण 'आवडला' म्हणतोय, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं.

"उद्या दुपारपर्यंत सांग गं, बाळ," पॅट्सीबाई शुक्रवारी फोनवर म्हणाल्या. "एनिडला दुसरं गिऱ्हाईक उभं आहे. आणि त्या वेंडेलला काय झालंय? काल माझ्या ऑफिसात आला, वीस मिनिटं दारात उभा राहिला आणि हवापाण्यावर बोलून गेला."

शनिवारी सकाळी नोएमीने त्याला फोन केला. "शॉनीचं घर पुन्हा तपासायचंय."

तो आला. गॅरेजमध्ये जाऊन त्याने घराच्या पायाशी वाकून बघितलं. "भेग तीच आहे."

"मी कुठे राहू, वेंडेल?"

"ते मी सांगायचं नाही, हा..."

"नियम माहीत आहे मला. कामावरच्या माणसाला नाही विचारत मी."

मग त्याने टोपी काढली. तीन आठवड्यांत तिने त्याचे केस पहिल्यांदाच बघितले. टोपीने ते कपाळाशी चपटे झाले होते आणि त्याला ते माहीत होतं.

"एनिडचं घर चांगलं आहे," तो टोपीशी बोलल्यासारखं बोलला. "खोटं लिहिता आलं नाही. दुसऱ्यांदा बघितलं ते काहीतरी सापडावं म्हणून. तू दोन तास लांब जाऊ नयेस, असं मला वाटतं... पण ते लिहायला त्या कागदावर रकाना नाही."

नोएमीचा जीव भांड्यात पडला. तीन गावांच्या यादीत जे नव्हतं, ते समोर टोपी चुरगाळत उभं होतं.

"ही भेग भरायला किती दिवस लागतील?"

"दोन उन्हाळे. दर आठवड्याला येऊन बघावी लागेल."

"कोणी?"

तो नुसता हसला, आणि तेवढ्यात बाराचा भोंगा वाजला. नोएमीने तळघराचं झाकण सरकवलं आणि पायऱ्या उतरू लागली.

"अगं, चाचणीचा आहे तो."

"माहीत आहे," ती खालून म्हणाली. "ये, मी सरकते."