थांबवलेल्यांची यादी

"घरातल्या माणसाचं नाव पॅकेजला देऊ नकोस," दादा म्हणाला होता.

मी हसले. "अंधश्रद्धा, आणि तू? आणि मग आईचं नाव दिलंस ते?"

तो चार बोटांभोवती वायर गुंडाळत राहिला. गुंडाळून झाल्यावर ती सोडली आणि परत पहिल्यापासून गुंडाळायला लागला. माझ्या मांडीवर माझी तान्ही मनी पेंगत होती. मी विषय बदलला.

या गटातले तुम्ही बरेचजण दादाला ओळखता. त्याने बनवलेली पॅकेजेस, म्हणजे छोटे छोटे प्रोग्राम, तुमच्या मशीनवर आहेत. तरी थोडं सोपं करून लिहिते, कारण मी जे काम सांगणार आहे त्यासाठी कदाचित तुमच्या घरचं दुसरंच कुणी जाईल, आणि त्यालाही हे वाचावं लागेल.

दादाचं घर आणि माझं मिळून आमची तीन मशीन्स, लिनक्सवर चालणारे कॉम्प्युटर. दादाचं, माझं आणि आईच्या पलंगाशेजारचं छोटं, डब्याएवढं. तिन्हींची सगळी मांडणी दादा एकाच फोल्डरमध्ये लिहून ठेवतो. कुठलं मशीन कसं असावं, त्यावर काय काय बसवलेलं असावं, कशाची कुठली आवृत्ती. मशीन जळून खाक झालं तरी नव्याला तो फोल्डर दिला की अर्ध्या तासात जुनंच घर परत उभं. "मशीन म्हणजे काही नाही," तो म्हणायचा, "जे लिहून ठेवलंय तेच खरं."

त्या फोल्डरमध्ये एक फाइल आहे, 'थांबवलेले'. एखादं पॅकेज नव्या आवृत्तीवर जाऊ द्यायचं नसेल तर त्याचं नाव तिथे लिहायचं. मग आजूबाजूचं सगळं बदललं तरी ते आहे तिथेच राहतं. दादाचा नियम असा की नावापुढे दोन गोष्टी लिहायच्याच: कारण आणि मुदत. का थांबवलं, कधी सोडणार. "थांबवलेलं आपोआप सुटत नाही," हे त्याचं आवडतं वाक्य. नवरा त्याची नक्कल करून ते वाक्य फ्रीजच्या दाराला म्हणून दाखवायचा.

मनी झाल्यावर मी बाळंतपणाच्या रजेत स्वतःचं पहिलं पॅकेज लिहिलं. वजनकाटा वायरने मशीनला जोडलेला. मनीचं वजन, झोप, दुधाच्या वेळा, सगळं एका आलेखावर. मी काळजी करणाऱ्यांपैकी आहे, हे मान्य करते. मनी झोपली की तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघणारी. पॅकेजला नाव दिलं 'मनी'. दुसरं काय देणार?

दर आठवड्याला मशीन अद्ययावत झालं की आलेख मोडायचा. कधी काटा सापडायचा नाही, कधी तारखा उलट्या. मी वैतागले. एका मंगळवारी दुपारी सगळं नीट चाललं होतं. मनी पाच महिन्यांची, सहा किलो चारशेवीस ग्रॅम, सर्दी नाही, ताप नाही. नुकतंच तिने स्वतःच्याच नखाने उजव्या गालावर ओरखडा काढून घेतला होता, तेवढाच काय तो. पाच आठवड्यांनी मला कामावर जायचं होतं.

मी 'थांबवलेले' उघडली. नाव: मनी. कारण: असंच राहू दे. मुदत मी भरली नाही.

फाइल दादाच्या मशीनवर पाठवली, लॅपटॉप मिटला.

पुढचे काही दिवस फार छान गेले. आलेख मोडला नाही. रेघ सरळ जात होती. सहा चारशेवीस. सहा चारशेवीस.

दहाव्या दिवशी मी काटा बदलला. नवरा म्हणाला, "अगं, बाळ आहे ते, शेअर बाजार नाही. रोज वर जायलाच पाहिजे का?" पंधराव्या दिवशी दवाखान्यात गेले. तिथल्या काट्यावरही सहा चारशेवीस. डॉक्टरीणबाईंनी मनीला उचललं, काटा शून्यावर आणला, पुन्हा ठेवलं.

"भलतीच शिस्तीची आहे हो तुमची मुलगी," त्या म्हणाल्या. मग फीत घेऊन डोकं मोजलं, लांबी मोजली, मागच्या नोंदी काढल्या. या वेळी हसल्या नाहीत. "दूध पिते ना? शी-शू ठीक? आठवड्याने परत आणा. आणि हा ओरखडा आजचाच दिसतोय. नखं कापत जा."

घरी येऊन मी नेलकटर घेतलं. मनीची मूठ उघडली. नखं छोटी, गुळगुळीत, बोटांच्या टोकाशी सरळ कापलेली. मी शेवटची कधी कापली ते आठवलं. मंगळवारी. ओरखडा काढला म्हणून.

आणि ओरखडा तसाच होता. लाल, ओला, मधोमध रक्ताचा मोहरीएवढा ठिपका. दोन आठवडे. ना खपली, ना पू.

त्याच आठवड्यात आईला फोन केला होता. आई दूर, दादाच्या घरी राहते. तिच्याशी बोललं की मला बरं वाटतं. मी मनीच्या नखांचं सांगितलं, तर ती म्हणाली, "अगं, माझीही वाढत नाहीत. कित्येक वर्षं झाली. बरंच आहे, तेवढंच काम वाचलं." आम्ही दोघी हसलो.

आईचं हे नेहमीचंच आहे. ती बासष्ट वर्षांची, तरी बाहेर गेलो की लोक विचारतात, बहिणी का? ती कलप लावत नाही. अकरा वर्षांपूर्वी तिचं मोठं ऑपरेशन झालं तेव्हा हातात सलाईनची सुई होती, तिचा निळा-पिवळा डाग अजून मनगटावर आहे. मनीला तो डाग फार आवडतो. बोटाने दाबत बसते. "राहिला तो राहिलाच," दादा म्हणायचा.

पुढच्या आठवड्याला दवाखान्यात तेच. डोकं तेवढंच, लांबी तेवढीच. डॉक्टरीणबाईंनी रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या. मनी त्यांच्याकडे बघून खुदकन हसली. अगदी त्या मंगळवारी हसली होती तशी.

सव्विसाव्या दिवशी, म्हणजे आज, मी आलेख मागे मागे नेला. रेघ जिथे सरळ झाली तो मंगळवार, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. मग 'थांबवलेले' कधी बदलली ते काढलं. मंगळवार, दोन वाजून दहा.

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकले आहे. योगायोग म्हणजे काय ते मला माहीत आहे. डोकं हेच सांगत होतं आणि हात 'मनी'ची ओळ पुसत होते.

पुसली. पाच मिनिटांनी ती परत आली. दादाच्या मशीनवरची जुनी यादी माझ्या मशीनवर उतरत होती. पुन्हा पुसली, पुन्हा आली. दादाला फोन लावला, तो उचलेना. मेसेज टाकला: यादीतून एक काढायचंय, निघत नाही. थांबले. माझ्या शेजारी मनी चादरीवर पाय झाडत होती. तोच ओरखडा.

माझा धीर सुटला. यादीत चौदा नावं होती. एकेक कशाला? मी अख्खी फाइल रिकामी केली आणि तीच तिन्ही मशीन्सवर जबरदस्तीने चढवली.

दीड वाजला होता.

फाइल रिकामी करताना सगळ्यात वरची ओळ नजरेखालून गेली होती. नाव: आई. आईच्या पलंगाशेजारच्या मशीनवरचं, गोळ्यांच्या वेळा सांगणारं ते पॅकेज. मनात म्हटलं, चला, तेही एकदा अद्ययावत होईल.

एक छत्तीसला दादाचा मेसेज आला. "मीटिंगमध्ये आहे. संध्याकाळी बोलू. तोवर काही काढू नकोस."

मी मनीला पाजायला घेतलं. दूध पिता पिता तिच्या गालावरचा लाल रंग तपकिरी झाला. खपली धरली. मी डोळे मिटले, उघडले. खपली माझ्या दंडावर पडली होती. गाल कोरा होता.

मी रडले. इतकी रडले की नवरा ऑफिसातून फोनवर विचारत राहिला, "काय झालं? अगं, बोल तरी!"

तीन वाजेपर्यंत मी तिची नखं दोनदा कापली. टाळूवरचे केस माझ्या बोटाला लागण्याइतके वाढले. काटा चढत होता. सहा पाचशे. सहा सहाशे. मी तो थांबायची वाट बघत होते. सहा आठशे दहाला तो थांबला.

मी हिशोब केला. दिवसाला पंधरा ग्रॅम. तीनशे नव्वद. सव्वीस दिवसांचे.

म्हणजे अडलेलं सगळं आलं होतं. एका दुपारीत.

आणि मग ती वरची ओळ आठवली.

जुनी यादी उघडून नीट वाचली. नाव: आई. तारीख अकरा वर्षांपूर्वीची, ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवसाची. त्याच दिवशी सर्जनने दादाला आणि मला बाहेर बाकावर बसवून सांगितलं होतं की आतली गाठ पूर्ण काढता आलेली नाही. सहा महिने, फार तर. पुढे सहा महिने झाले, वर्ष झालं, आणि आम्ही त्या सर्जनला नावं ठेवत राहिलो.

कारण: अजून नको.

मुदत दादाने भरली नव्हती. सगळ्यांना नियम सांगणाऱ्या दादाने.

मी ती ओळ परत लिहिली. मशीनने घेतली नाही. पुन्हा लिहिली. उत्तर आलं: त्या मशीनवर 'आई' नावाचं काही नाही.

दादाने या वेळी फोन उचलला. अख्खी यादी रिकामी केली, असं मी सांगितलं.

"किती वाजता?" एवढंच त्याने विचारलं.

"दीड."

"मी गावाबाहेर आहे," तो म्हणाला. "आई एकटी आहे घरी." मग जिन्यावरून धावणाऱ्या पावलांचा आवाज आला आणि फोन कटला.

आईचा फोन वाजतोय. पूर्ण वाजतो, बंद होतो.

मी मनीला घेऊन टॅक्सीत आहे. मला पोचायला अजून तीन तास लागतील, दादाला दोन. एवढं सगळं लिहिलं, कारण नुसतं 'आईला बघून या' म्हटलं असतं तर तुम्ही बेल वाजवून, कुणी नाही असं समजून परत फिरला असतात.

दादाचं घर तुमच्यापैकी काहीजणांनी पाहिलं आहे. पाण्याच्या टाकीमागची गल्ली, दुसरी इमारत, तळमजला, हिरवं दार. जो जवळ असेल त्याने कृपा करून जा. बेल चालत नाही. हाक मारा, उत्तर आलं नाही तरी परत फिरू नका. आई दुपारची मागच्या खोलीत असते, दाराशी यायला तिला कधीच वेळ लागत नाही.

आतून उत्तर आलं तर आवाज ऐका. बासष्टीच्या बाईचा वाटला तर मला लगेच कळवा.

नाही वाटला, अगदी खोल गेलेला वाटला, तरी तिच्याशी बोलत राहा. मी येतेय म्हणून सांगा.